इंग्लंडमधली ऐतिहासिक घरं, किल्ले आणि बागा: दिवस वाया न घालवता कशा पाहाव्यात

दर वर्षी एप्रिल-मे उजाडला की ओळखीतून फोन यायला लागतात. भारतातून आई-बाबा येणार असतात आणि त्यांना लंडनच्या गर्दीबाहेर नेऊन एखादं मोठं जुनं घर, किल्ला किंवा बाग दाखवायची असते. महिनाभरानं त्याच लोकांचा दुसरा फोन येतो. गेलो खरे, पण घर बंद होतं. किंवा बाग पाहण्यातच तीन वाजले आणि घरात सोडलंच नाही. किंवा स्टेशनवर उतरलो तर टॅक्सीचा पत्ताच नाही.

या सगळ्यांनी तिकिटं काढली होती, हवामान पाहिलं होतं, डबाही नेला होता. चूक झाली ती क्रमात. लंडनमधलं संग्रहालय आयत्या वेळी उठून गाठता येतं, खेड्यातलं घर नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. पहिले सहा घरी असतानाच करायचे आहेत.

## टप्पा १: नावावर जाऊ नका

इथल्या जागांच्या नावात कॅसल, हॉल, ॲबी, कोर्ट, पार्क, मॅनर असे शब्द असतात. त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. यॉर्कशरमधलं कॅसल हॉवर्ड हा किल्ला नाहीच. तो १६९९च्या सुमारास बांधायला घेतलेला घुमटाचा आलिशान प्रासाद आहे. वोबर्न ॲबी आणि लॅकॉक ॲबी मुळात मठ होते. आठव्या हेन्रीनं सोळाव्या शतकात मठ बरखास्त केल्यावर त्यांची घरं झाली. केंटमधल्या सिसिंगहर्स्ट कॅसलला जाल तर तिथे उंच विटांचा मनोरा आहे आणि त्याभोवती जगप्रसिद्ध बाग. तटबंदी शोधायला गेलात तर हिरमुसून परत याल.

गावाच्या नावानं होणारी फसगत तर आणखी महाग पडते. लीड्स कॅसल लीड्स शहरात नाही. तो केंटमध्ये मेडस्टनजवळ आहे आणि लीड्स शहर तिथून तीनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला. शेफील्ड पार्क ही बागसुद्धा शेफील्डमध्ये नाही, दक्षिणेला ईस्ट ससेक्समध्ये आहे.

जागा निवडताना ती या तीनपैकी कुठल्या प्रकारात बसते ते आधी ठरवा:

- सामानासकट जपलेलं घर. खोल्या, चित्रं, पलंग, स्वयंपाकघर सगळं जागेवर. उदाहरणार्थ डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ, ऑक्सफर्डजवळचा ब्लेनहाइम पॅलेस, केंटमधलं नोल.
- पडका किल्ला. केनिलवर्थसारखा. भिंती, बुरूज आणि वर मोकळं आकाश. बोडियम कॅसल बाहेरून पाण्याच्या खंदकात उभा असलेला पूर्ण किल्ला वाटतो, आत मात्र भिंतींच्या मधे हिरवळ आहे.
- मुख्यतः बाग. घर लहान असतं, बंद असतं किंवा आत कोणी राहत असतं. सिसिंगहर्स्ट, हिडकोट, ग्रेट डिक्स्टर या जागांना लोक बागेसाठीच जातात.

घरातल्या मोठ्यांनी रायगड-प्रतापगड पायी पाहिलेले असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की इथला कॅसल म्हणजे बहुतेकदा एका सरदाराचं तटबंदीचं राहतं घर. डोंगर चढायचा नसतो आणि माचीही नसते. ही अपेक्षा जुळवून घेतली की बोडियम फार आवडतो.

तपासा: नकाशात नावापुढे काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) नावही टाका. तुमच्या घरापासून एका बाजूनं दोन तासांहून जास्त लागत असतील तर ती एका दिवसात उरकायची सहल नाही. तिथे मुक्काम करा किंवा जवळची दुसरी जागा निवडा.

## टप्पा २: जागा कोणाची आहे ते शोधा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि मग तिकीट-खिडकीवर वाद घालतात. जागा कोणाच्या ताब्यात आहे यावर तिकीट, सवलत, पार्किंग आणि उघडण्याचे दिवस ठरतात.

नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली सुरू झालेली धर्मादाय संस्था. तिच्याकडे इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली दोनशेहून जास्त ऐतिहासिक घरं आहेत, शिवाय बागा, किनारे, जंगलं. इंग्लिश हेरिटेज ही संस्था वेगळी. तिच्याकडे चारशेहून जास्त जागा आहेत, त्यांत स्टोनहेंज, डोव्हर कॅसल, केनिलवर्थ आणि आइल ऑफ वाइटवरचं राणी व्हिक्टोरियाचं ऑस्बर्न हाउस येतं. एकीचं सभासदत्वाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. तिसरा मोठा गट खासगी घरांचा. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, हेव्हर, लीड्स कॅसल यांची तिकिटं आणि नियम ज्यांचे त्यांचे. हिस्टॉरिक हाउसेस नावाच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं तर यातल्या बऱ्याच खासगी घरांत प्रवेश मिळतो, पण सगळ्यांत नाही. यादी पाहूनच पैसे भरा.

कधी कधी एकाच गावात, एकमेकांना लागून असलेल्या दोन जागांचे कारभार वेगळे असतात. नॉर्थंबरलंडमध्ये ॲनिक कॅसल आणि ॲनिक गार्डन या दोन्हींना स्वतंत्र तिकीट लागतं. एक काढून दोन्ही पाहता येतील असं समजून गेलेले लोक दारात हिशेब करत उभे राहतात.

सभासदत्व कधी घ्यावं? वर्षात चार-पाच जागा पाहणार असाल तर नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेजचं वार्षिक सभासदत्व साधारण वसूल होतं. नॅशनल ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर सभासदांना पार्किंगही फुकट असतं, ती बचत हिशेबात धरा. भारतातून थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना वार्षिक कार्ड घेऊन देण्याची घाई मात्र करू नका. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. पाहायच्या जागा त्याच संस्थेच्या असतील तर तो बरा पडतो.

गिफ्ट एडचा प्रश्न. तिकीट काढताना गिफ्ट एड हवं का, असं विचारतात आणि आपण सवयीनं हो म्हणून टाकतो. या योजनेत संस्थेला सरकारकडून कराचा काही भाग परत मिळतो, म्हणून ती फक्त ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. अनेक ठिकाणी गिफ्ट एडच्या तिकिटात दहा टक्क्यांच्या आसपास ऐच्छिक देणगी मिळवलेली असते. इथे कर भरत असाल आणि द्यायची इच्छा असेल तर जरूर द्या. पाहुण्यांच्या तिकिटांना सरळ नको म्हणा. त्यात कोणाला वाईट वाटत नाही.

मराठी माणसाला मुद्दाम जावंसं वाटेल अशी दोन खासगी घरं इथे सांगते, कारण दोन्ही ठिकाणी आयत्या वेळी जाऊन चालत नाही. केंटमध्ये फेव्हरशमजवळ बेलमाँट हाउस आहे. हे हॅरिस घराण्याचं घर. १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस याच घराण्यातले आणि मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली हॅरिस शिल्ड त्यांच्याच नावाची. घरात जुन्या घड्याळांचा अप्रतिम संग्रह आहे. तिथे वाटाड्यासोबतच फिरावं लागतं, तेही ठरलेल्या दिवशी. दुसरं घर हँपशरमधलं स्ट्रॅटफील्ड से. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याचं हे घर. ते वर्षातले मोजकेच दिवस उघडतं.

सावध: खासगी घरं लग्नासाठी, चित्रीकरणासाठी, मैफलींसाठी अचानक बंद असतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं पान पुन्हा उघडून पाहा.

## टप्पा ३: महिना ठरवा, मग तारीख

घर पाहायचं की बाग, यावर महिना ठरतो.

बऱ्याच घरांच्या आतल्या खोल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च बंद असतात. त्या काळात पडदे, गालिचे, पुस्तकं, झुंबरं एकेक करून साफ केली जातात आणि सामानावर चादरी घातल्या जातात. बाग आणि बाहेरचं कुरण बहुतेक ठिकाणी उघडं राहतं. म्हणून हिवाळ्यात फाटक उघडं दिसलं म्हणजे घरही उघडं असेल असं धरू नका. नाताळच्या आधी काही मोठी घरं सजवून उघडतात, चॅट्सवर्थ आणि ब्लेनहाइम त्यातलीच. पण ती तिकिटं वेगळी असतात आणि लवकर संपतात.

बागेचा हिशेब साधारण असा. फेब्रुवारीत स्नोड्रॉप. मार्च-एप्रिलमध्ये डॅफोडिल. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा. मेमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन आणि भिंतींवरून लोंबणारा जांभळा विस्टेरिया. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत गुलाब. हँपशरमध्ये मॉटिसफाँटची गुलाबबाग याच पंधरा-वीस दिवसांसाठी ओळखली जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेलिया. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पानांचे रंग, त्यासाठी विल्टशरमधलं स्टोरहेड किंवा मघाशी सांगितलेलं शेफील्ड पार्क.

गुलाबबाग ऑगस्टमध्ये पाहायला गेलात तर पानं आणि काटे पाहून याल. इथल्या बागा दोन आठवड्यांत रूप बदलतात. फूल पाहायचं असेल तर त्या बागेनं त्या आठवड्यात टाकलेले फोटो पाहा. वर्षानुवर्षं तोच राहिलेला जाहिरातीतला फोटो उपयोगाचा नाही.

तारीख धरताना बँक हॉलिडेचे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचे सोमवार आणि मेच्या शेवटची शाळांची सुट्टी टाळा. शक्य असेल तर बुधवार-गुरुवार पकडा. सोमवार-मंगळवारी काही घरं बंद असतात.

खिशाला झेपेल असा मार्गही याच टप्प्यात शोधा. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज नावाचा उत्सव असतो, तेव्हा एरवी बंद किंवा तिकीट असलेल्या अनेक जागा फुकट उघडतात. नॅशनल गार्डन स्कीम १९२७पासून चालू आहे. त्यात लोक आपल्या खासगी बागा ठरलेल्या दिवशी उघडतात, थोडक्या तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला जातात आणि बहुतेक ठिकाणी घरचा केक नि चहा मिळतो. मोठी घरं पाहून दमलेल्या पाहुण्यांना अशी एखादी लहान बाग फार सुखाची वाटते. माझ्या सासूबाईंना चॅट्सवर्थपेक्षा एका निवृत्त शिक्षिकेची परसबाग जास्त लक्षात आहे. तिथे त्यांना मालकिणीशी कलमांबद्दल बोलता आलं.

## टप्पा ४: चार घड्याळं वाचा आणि दिवस उलटा मांडा

सगळ्यात जास्त दिवस इथेच बुडतात, म्हणून जरा थांबते.

एका जागेच्या आत चार वेगळ्या वेळा असतात. बाहेरचं कुरण किंवा पार्क सकाळी लवकर उघडतं आणि संध्याकाळपर्यंत चालू असतं. बाग साधारण दहाला उघडते. घर अकराच्या सुमारास उघडतं आणि चार-पाचला बंद होतं. कॅफेची वेळ आणखी वेगळी. संकेतस्थळावर वरच मोठ्या अक्षरात जी वेळ दिसते ती बहुतेकदा पार्कची किंवा बागेची असते. घराची वेळ खाली स्क्रोल केल्यावर सापडते.

त्यातही बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ वेगळी असते. घर पाचला बंद होत असेल तर शेवटचा प्रवेश चारला किंवा साडेचारला असतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असल्यामुळे आपल्याला चार म्हणजे दुपारच वाटते आणि बागेत रेंगाळताना वेळ निसटते.

मी स्वतः पहिल्याच वर्षी बाबांना घेऊन गेले तेव्हा एका घराच्या दारातून परतले. फाटक उघडं, वाहनतळ भरलेला, कॅफेत रांग. घर मात्र त्या वारी बंद. मी फक्त वरची वेळ वाचली होती. बाबा काही बोलले नाहीत. मुंबईहून निघताना त्यांनी त्या घरातल्या ग्रंथालयाबद्दल वाचून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी चारही वेळा कागदावर लिहून काढते.

दिवस असा उलटा मांडा:

1. घराच्या शेवटच्या प्रवेशाची वेळ लिहा.
2. तिच्याआधी किमान दोन तास, ही तुमची घरात शिरण्याची शेवटची वेळ धरा.
3. घराला ठरलेल्या वेळेचं तिकीट आहे का ते पाहा. चर्चिल यांच्या चार्टवेलसारख्या लहान खोल्यांच्या घरात ते असतं. सभासदांनाही ते घ्यावं लागतं, कार्ड दाखवून थेट आत जाता येत नाही.
4. घराच्या वेळेभोवती बाग आणि जेवण बसवा.
5. परतीच्या शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ लिहा आणि तिच्यातून तासभर वजा करा.

चॅट्सवर्थ किंवा ब्लेनहाइमला सहा तास कमी पडतात. मध्यम घर आणि बाग मिळून चार तास. पडक्या किल्ल्याला दीड-दोन तास पुरतात. एका दिवसात एकच मोठं घर पाहा. फार तर त्याच्या जवळचा एखादा पडका किल्ला जोडा. दोन मोठी घरं एका दिवसात पाहिली तर रात्री कुठला पलंग कुठे पाहिला तेही आठवत नाही.

तपासा: तिकीट काढताना ते घर आणि बाग दोन्हींचं आहे ना? स्वस्त दिसणारं तिकीट बहुतेकदा फक्त बागेचं असतं.

## टप्पा ५: जायचं कसं, आणि यायचं कसं

गाडी चालवत नसाल तर पहिली सहल स्टेशन किंवा बसला लागून असलेल्या जागेची करा. ऑक्सफर्डहून ब्लेनहाइमला थेट बस जाते. नोल हे सेव्हनओक्स स्टेशनपासून साधारण दीड मैलावर आहे, चालत जाता येतं. हेव्हर स्टेशनपासून हेव्हर कॅसल सुमारे मैलभर आहे, पण वाट शेतांमधून जाते आणि स्टेशनबाहेर टॅक्सी उभी नसते. सिसिंगहर्स्टचं जवळचं स्टेशन स्टेपलहर्स्ट, तरीही साडेपाच मैल लांब.

खेड्यात ॲपवरची टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. स्थानिक टॅक्सीवाल्याचा नंबर आधी शोधून जाण्या-येण्याची दोन्ही वेळ ठरवून ठेवा. लोक जाण्याची ठरवतात आणि येण्याची तिथे गेल्यावर बघू म्हणतात. तिथे गेल्यावर मोबाइलला रेंज नसते. रविवारी बऱ्याच गावांत बसच नसते, आणि आठवड्यातली शेवटची बसही संध्याकाळी लवकर जाते.

रेल्वेचं तिकीट सकाळची गर्दी टळल्यावरचं घ्या. दोघं एकत्र जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्डवर आणि साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्डवर एक तृतीयांश सवलत मिळते. पाहुण्यांनाही पासपोर्ट दाखवून सीनियर कार्ड काढता येतं. आई-बाबा महिनाभर राहणार असतील तर ते पहिल्याच आठवड्यात काढा. तीन ते नऊ जण असाल तर ग्रुपसेव्ह सवलत आहे का ते विचारा.

गाडीनं जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना इथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, पण भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर ती आधी सांगून ठेवावी लागते. दुसरं, खेड्यातला पोस्टकोड मोठ्या परिसराचा असतो. नुसता पोस्टकोड टाकला तर गाडी शेतकऱ्याच्या फाटकापाशी नेऊन उभी करते. शेवटचे दोन-तीन मैल तपकिरी पाट्या पाहत जा, नॅशनल ट्रस्टच्या पाटीवर ओकचं पान असतं. तिसरं, झुडपांच्या उंच कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवर ताशी साठ मैलांची मर्यादा लागू असली तरी ती मर्यादा आहे. तेवढ्या वेगानं जायलाच हवं असं नाही. समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद जागा पाहून थांबा.

सावध: पार्किंगचं यंत्र कधी ॲपच मागतं आणि रेंज नसते. ॲप घरीच उतरवून ठेवा, नकाशा ऑफलाइन साठवा, थोडी नाणी जवळ ठेवा.

## टप्पा ६: बूट, पिशवी, डबा

- सपाट तळाचे बूट. टोकदार टाचांना जुन्या लाकडी जमिनीवर मज्जाव असतो किंवा टाचांना प्लॅस्टिकच्या टोप्या देतात. किल्ल्यात गोल जिने असतात, पायऱ्या झिजलेल्या. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवशी सलवार-कमीझ किंवा पँट घातलेली बरी.
- जूनमध्येही एक पातळ जाकीट. जुन्या दगडी घरात उन्हाळ्यातही गारवा असतो.
- लहान पिशवी. मोठी सॅक लॉकरमध्ये ठेवायला लावतात किंवा पुढे छातीवर घ्यायला सांगतात.
- बाबागाडी बहुतेक घरांत आत नेऊ देत नाहीत. बाळाला कडेवर बांधायचा पट्टा न्या.

डबा जरूर न्या. बऱ्याच ठिकाणी पार्कात किंवा फळबागेत बसून खायला परवानगी असते, आखीव बागेत आणि घरात नसते. धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवू नका.

कॅफेवरच अवलंबून असाल तर दीडच्या आत जेवा. गरम जेवण अडीचच्या सुमारास संपतं आणि मग केक-स्कोनच उरतात. शाकाहाऱ्यांनी सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं. पेस्ट्रीत गुंडाळलेला सॉसेज रोल आणि चीजचा रोल दिसायला सारखेच असतात.

घरातल्या मोठ्यांसाठी आधी करायचा फोन: वरच्या मजल्यावर लिफ्ट आहे का? संरक्षित जुन्या इमारतीत ती बहुतेकदा नसते. चाकाची खुर्ची किंवा बागेत चालवायची बॅटरीवरची स्कूटर मिळेल का? वाहनतळापासून दारापर्यंत छोटी गाडी सुटते का? अपंग व्यक्तीसोबत मदतनीस असेल तर नॅशनल ट्रस्टमध्ये त्याला तिकीट लागत नाही. हे सगळं दोन दिवस आधी विचारून ठेवलं तर दारात कोणाला ओशाळं वाटत नाही.

## टप्पा ७: फाटकातून आत गेल्यावरचा क्रम

1. आधी स्वागतकक्ष. नकाशा घ्या आणि आज कुठल्या खोल्या बंद आहेत ते विचारा. घराच्या वेळेचं तिकीट लागत असेल तर लगेच घ्या, कॉफीनंतर नाही.
2. मग स्वच्छतागृह. ते सहसा जुन्या तबेल्यात किंवा अंगणात असतं, घराच्या आत नसतं. आणि घरातला मार्ग बहुतेकदा एकेरी असतो, मधून मागे फिरता येत नाही.
3. आकाश पाहा. दुपारी पाऊस असेल तर आधी बाग. दिवसभर कोरडं असेल तर घर उघडताच आत जा. बसनं येणारे मोठे गट साडेअकराच्या पुढे येतात आणि मग अरुंद खोल्यांत चित्रासमोर उभं राहायलाही जागा नसते.
4. घर पाहून झाल्यावर जेवण, मग बाग. पाय दुखायला लागले की बागेत बाक असतात. घरातल्या खुर्च्यांवर बसता येत नाही.

## टप्पा ८: घरात

आत शिरल्यावर अंधारच वाटेल. पडदे ओढलेले असतात, कारण उजेडानं रेशीम, भिंतीवरचे विणलेले पडदे आणि जलरंगातली चित्रं यांचे रंग उडतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. दोन मिनिटं शांत उभं राहा, डोळे सरावतात. पडदा बाजूला करू नका, मोबाइलचा दिवा लावू नका.

खुर्चीवर पाइनचं फळ किंवा काटेरी वाळलेलं बोंड ठेवलेलं दिसेल. ती सजावट नव्हे. बसू नका, असं सांगण्याची ती रीत आहे. मुलं ते उचलून खेळायला जातात, त्यांना दारातच सांगून ठेवा. फ्लॅश न वापरता फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, काही खासगी घरांत अजिबात नाही. सेल्फी स्टिक कुठेच काढू नका.

लाकूड, सोन्याचा मुलामा, कापड, काहीही हातानं चाचपू नका. आपल्याकडे देवळात खांबाला हात लावायची सवय असते, ती इथे आवरावी लागते. हजारो बोटांचा तेलकटपणा साचून मुलामा निघून जातो.

खोलीत उभे असलेले वयस्कर लोक पहारेकरी वाटतात, म्हणून आपली माणसं मान खाली घालून पुढे सरकतात. ते बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्या खोलीबद्दल बोलायला आलेले असतात. सरळ विचारा की या खोलीतली तुमची आवडती वस्तू कोणती? मग जे ऐकायला मिळतं ते माहितीफलकावर नसतं. डर्बीशरच्या केडलस्टन हॉलमध्ये लॉर्ड कर्झननं भारतातून आणलेल्या वस्तूंचं दालन आहे आणि ऑस्बर्नमध्ये पंजाबी वास्तुकार भाई राम सिंग यांनी घडवलेला दरबार कक्ष. अशा ठिकाणी वस्तू इथे कशी आली हेही नि:संकोच विचारा. तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि मला तरी बहुतेक वेळा मोकळं उत्तर मिळालं आहे.

सगळ्या खोल्या पाहायचा अट्टहास सोडा. स्वयंपाकघर, नोकरांचा जिना आणि ग्रंथालय चुकवू नका. आपल्या आयांना तांब्याच्या भांड्यांची ती फळी सोन्याच्या छतापेक्षा जास्त वेळ थांबवते.

## टप्पा ९: बागेत

सावध, हा-हा: हिरवळ आणि कुरण यांच्या मधे गुरं आत येऊ नयेत म्हणून खोल चर आणि त्यात भिंत बांधलेली असते, तिला हा-हा म्हणतात. घराच्या बाजूनं ती दिसतच नाही, हिरवळ अखंड वाटते. धावणारी मुलं थेट खाली पडू शकतात. नकाशात ती कुठे आहे ते पाहून मुलांना जागा दाखवा.

फुलं, बिया, कलमं काहीही तोडायचं नाही, खाली पडलेलंही उचलायचं नाही. यू नावाच्या झाडाच्या लाल फळांच्या बिया, फॉक्सग्लव्हचं फूलझाड आणि मे-जूनमध्ये पिवळ्या घोसांनी लवणारा लॅबर्नम विषारी आहेत. मुलांनी हात लावला तर धुऊन घ्या.

पार्कात हरणं असतील तर पन्नास मीटर तरी लांब राहा, खायला घालू नका. ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, तेव्हा आणखी लांब. उंच गवतातून चालणार असाल तर पायघोळ पँट घाला आणि घरी आल्यावर गोचीड चिकटली नाही ना ते तपासा. मेंढ्यांच्या कुरणातलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

## टप्पा १०: निघण्याआधी

बाहेर पडण्यापूर्वी तिकीट-खिडकीवर दोन प्रश्न विचारा. पहिला, हे तिकीट वर्षभर चालतं का? काही जागांचं तिकीट वर्षभर वापरता येतं आणि काही ठिकाणी एका दिवसाचं तिकीट वार्षिक पासात बदलून मिळतं, पण ते आपण मागायला लागतं. दुसरा, आज सभासद झालो तर तिकिटाचे पैसे वळते होतील का? घरी पोहोचल्यावर हे दोन्ही प्रश्न विचारून उपयोग नसतो.

टॅक्सीवाल्याला रेंज असलेल्या जागेवरून, बहुतेकदा स्वागतकक्षापाशी, अर्धा तास आधी आठवणीचा फोन करा. मग चहा घ्या.